कोणाच्या नावे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर लक्ष्मीच्या शेजारी हिशेबाची वही मांडायची, तिच्यावर स्वस्तिक काढायचं, हळदकुंकू वाहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. इथे जर्मनीत वही गेली आणि लॅपटॉप आला, आणि काही घरांत हळदकुंकू त्यालाच लागतं! तेव्हा दिवाळी हा जसा दिव्यांचा सण तसाच तो हिशेबाचाही सण. म्हणून दिवाळी अंकात करांवरचा लेख पाहून वाचकांनी लगेच पान उलटू नये, ही नम्र विनंती. नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावल्याशिवाय कोकणात फराळाला हात लावत नाहीत. हा लेख म्हणजे तेवढंच कारीट समजा.

माझं सारं नोकरीचं आयुष्य पुरवठादारांची आणि कंत्राटदारांची बिलं तपासण्यात गेलं. आधी भोसरीला, आणि नंतर इथे र्युसेल्सहाइमला. दोन्ही गावं कारखान्यांची, दोन्हीकडे मोठ्या कंपनीच्या आधाराने शेकडो छोटे लोक जगतात. आपल्या जुन्या वहीत एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला नावे. पैसे गेले की ते कोणाच्या तरी नावे पडायलाच हवेत, नाहीतर वही जुळत नाही. सरकारही पैसे देणाऱ्याला हेच विचारतं: दिलेस ना, मग कोणाच्या नावे? हा प्रश्न सरकारांनी कधी आणि कसा विचारायला सुरुवात केली, आणि त्यातून आपल्यासारख्यांच्या गळ्यात काय काय पडलं, त्याची ही हकिकत.

आधी कापा, मग द्या

गोष्ट सुरू होते इंग्लंडात. नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा खर्च भागवण्यासाठी पंतप्रधान विल्यम पिट यांनी १७९९ साली प्राप्तिकर बसवला. मोठ्या उत्पन्नावर दर दहा टक्के. प्रत्येकाने आपलं उत्पन्न आपणच सांगायचं. अर्थातच लोकांनी जेवढं सोयीचं तेवढंच सांगितलं! १८०३ मध्ये हेन्री ॲडिंग्टन यांनी युक्ती बदलली. व्याज किंवा भाडं देणाऱ्यानेच कर कापून ठेवायचा आणि उरलेली रक्कम द्यायची. दर पाच टक्के, म्हणजे निम्मा. तरीही सरकारच्या तिजोरीत जवळजवळ आधीइतकेच पैसे आले. घेणाऱ्याला विचारण्यापेक्षा देणाऱ्याला धरावं, हा धडा जगभरच्या अर्थमंत्र्यांनी तेव्हापासून पाठ केला आहे.

जर्मनीत हा धडा गिरवला गेला पहिल्या महायुद्धानंतर. मातीआस एर्त्सबेर्गर हे नाव आपल्यापैकी फारसं कोणी ऐकलेलं नसेल. नोव्हेंबर १९१८ मध्ये कॉम्पिएन्यच्या जंगलात युद्धबंदीच्या करारावर जर्मनीतर्फे सही करणारे ते हेच. पुढे १९१९-२० मध्ये ते अर्थमंत्री झाले. तोपर्यंत कर गोळा करत ती निरनिराळी राज्यं. एर्त्सबेर्गरांनी साऱ्या देशाची एकच करव्यवस्था उभी केली. आज आपण ज्याच्या पत्राचा लिफाफा उघडताना जरा धास्तावतो, ते फिनान्झआम्ट देशभर एका छापाचं झालं ते त्यांच्यामुळे. त्यांच्याच सुधारणेने जून १९२० पासून मालकाने मजुराच्या पगारातून दहा टक्के कापायला सुरुवात केली. कापलेल्या रकमेची तिकिटं कामगाराच्या करकार्डावर चिकटवायची, अगदी पोस्टाच्या तिकिटांसारखी.

कामगार भडकले. ऑगस्ट १९२० मध्ये श्टुटगार्टच्या भागात डाइमलर आणि बॉश यांच्या कारखान्यांतून या कपातीविरुद्ध उठाव झाला, पोलिसांनी कारखाने ताब्यात घेतले, आणि सार्वत्रिक संप पुकारला गेला. बरोबर एका वर्षाने, २६ ऑगस्ट १९२१ रोजी, उजव्या अतिरेक्यांनी एर्त्सबेर्गरांना ब्लॅक फॉरेस्टमध्ये गोळ्या घालून मारलं. त्यांचा राग मुख्यतः युद्धबंदीच्या सहीवर होता. पण करांमुळेही त्यांना शत्रू कमी नव्हते. माणूस गेला, पगारकपात राहिली. दर महिन्याच्या पगारपत्रकावर लोनश्टॉयर नावाची जी ओळ आपल्याला टोचते, तिचा जन्म हा असा आहे.

पगारदार सापडला. पण जो पगारदार नाही, जो बिल लावून पैसे घेतो, त्याचं काय? तो सुतार, तो लेथवाला, तो मालवाहू गाडीवाला? खरी गंमत इथून पुढे आहे.

एका छपराखाली का?

र्युसेल्सहाइमच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ओपेलचं जुनं लाल विटांचं आवार आणि आडाम ओपेल यांचा पुतळा दिसतो. १८६२ साली काकांच्या गोठ्यात शिवणयंत्रं बनवायला सुरुवात केलेल्या या माणसाच्या कारखान्यात १८८६ पासून सायकली आणि १८९९ पासून मोटारी बनू लागल्या. मोटारी काढल्या त्या त्यांच्या पत्नी सोफी आणि पाच मुलांनी. आडाम १८९५ मध्येच वारले होते. १९११ मध्ये मोठी आग लागली आणि शिवणयंत्रांचा धंदा कायमचा थांबला. १९२४ मध्ये 'लाउबफ्रॉश' म्हणजे झाडावरचा हिरवा बेडूक या टोपणनावाची गाडी इथे सरकत्या पट्ट्यावर बनू लागली. जर्मनीत हे पहिल्यांदाच घडत होतं. १९२९ मध्ये जनरल मोटर्सने कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला.

जुनं आवार पाहताना प्रश्न पडतो, की एवढा अवाढव्य कारखाना एकाच जागी का? पत्रे ठोकणं, इंजिन, गिअर, रंग, जुळणी, सारं एकाच मालकाच्या भिंतींच्या आत का? एकसंध उत्पादनाची ती जगभरचीच पद्धत होती, हे खरं. पण जर्मनीत तिला करांनीही हातभार लावला.

१९१६ साली युद्धाच्या खर्चासाठी मालविक्रीवर हजारी एक इतका मुद्रांक बसला. जुलै १९१८ मध्ये योहानेस पोपिट्झ या अधिकाऱ्याने तयार केलेला विक्रीवरचा कर आला, उम्झात्सश्टॉयर, दर फक्त अर्धा टक्का. पण तो प्रत्येक विक्रीवर, आणि पूर्ण किमतीवर. दर वाढत-घटत १९५१ मध्ये चार टक्क्यांवर पोचला. आता चार टक्क्यांची गंमत बघा. समजा चांभाराने कातडं १०० मार्कला विकलं: कर ४. गादीवाल्याने त्याची सीट करून २०० ला विकली: कर ८. मोटारवाल्याने गाडीत बसवून तिचे ३०० घेतले: कर १२. एकूण २४. आता तिन्ही कामं एकाच मालकाच्या छपराखाली झाली तर विक्री एकदाच: कर फक्त १२! म्हणजे बाहेरच्या माणसाकडून माल घेतला की दंड, आणि सगळं स्वतः केलं की बक्षीस. छोट्या पुरवठादाराच्या पोटावर पाय येत होता, आणि तोही त्याच्या कामात काही खोट नसताना.

ही खोड काढायची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विल्हेल्म फॉन सिमेन्स या कारखानदाराने सुचवली होती, असं सामान्यतः मानतात. प्रत्येकाने फक्त आपण घातलेल्या भरीवर कर द्यावा. प्रत्यक्षात ती आधी फ्रान्सने, मोरिस लोरे यांच्या योजनेनुसार, १९५४ मध्ये आणली. जर्मनीत प्रकरण घटना न्यायालयात गेलं. २० डिसेंबर १९६६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की जुन्या कराने स्पर्धा विस्कटते हे खरं, पण सुधारणा हाती घेतलेली आहे तोवर तो चालवून घेऊ. पुढच्या वर्षी युरोपीय समुदायाची तशी मार्गदर्शक सूत्रं निघाली, आणि १ जानेवारी १९६८ पासून जर्मनीत मूल्यवर्धित कर आला: दर दहा टक्के, सहा महिन्यांत अकरा. २००७ पासून तो एकोणीस टक्के आहे. मध्ये २०२० च्या उत्तरार्धात सहा महिने तेवढा सोळा झाला होता.

वरचंच उदाहरण नव्या पद्धतीने करू. चांभाराची भर १०० ची, गादीवाल्याची १०० ची, मोटारवाल्याची १०० ची. दहा टक्क्यांनी प्रत्येकी दहा, एकूण ३०. एका छपराखाली केलं तरी ३०, तीन छपरांखाली केलं तरी ३०. पुरवठादार आणि मोठा कारखाना करापुरते एका पातळीवर आले.

पण याहून महत्त्वाची गोष्ट तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आली असावी. मोटारवाल्याला गादीवाल्याने भरलेला कर वजा करून मिळतो, पण केव्हा? त्याच्या हातात गादीवाल्याचं नीट बिल असेल तेव्हाच. त्यावर नाव, पत्ता, कर वेगळा दाखवलेला. याला इथे फोरश्टॉयर म्हणतात. म्हणजे आता घेणारा स्वतःच्या फायद्यासाठी देणाऱ्याकडे बिल मागू लागला! 'पक्कं बिल नको, तेवढे पैसे कमी करा' हे संभाषण निदान कारखान्या-कारखान्यांत तरी महाग पडू लागलं. इन्स्पेक्टर न पाठवता प्रत्येक गिऱ्हाईक सरकारचा साक्षीदार झाला.

जाता जाता पोपिट्झ यांच्याविषयी. ते पुढे नाझी राजवटीत प्रशियाचे अर्थमंत्री होते. नंतर हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजी प्लोट्झेनझे तुरुंगात फासावर गेले. करांच्या इतिहासात इतकं रक्त असेल असं कोणाला वाटलं असतं?

नुसतं सांगा

अमेरिकेत भाऊ-बहीण असलेले वाचक म्हणतील, आमच्याकडे तर कापत नाहीत, नुसता १०९९ नावाचा कागद येतो. बरोबर. अमेरिकेने १९१३ मध्ये आधी कापायचीच पद्धत घातली होती. व्यापाऱ्यांनी कटकट केली, म्हणून १९१७ मध्ये ती बरीचशी मागे घेऊन 'कापू नका, पण कोणाला किती दिले ते कळवा' असा नियम केला. तेव्हा मर्यादा होती ८०० डॉलर. १९५४ पासून ती ६०० होती, आणि २०२५ च्या कायद्याने २०२६ मधल्या रकमांसाठी ती २००० झाली आहे. कंत्राटदारांना दिलेल्या पैशांसाठी २०२० सालापासून १०९९-एनईसी हा वेगळा फॉर्म आहे.

जर्मनीत असा सरसकट फॉर्म नाही, म्हणून इथे नवीन आलेल्यांना वाटतं की कोणी विचारत नाही. विचारतात, पण उलट्या बाजूने. करसंहितेचं कलम १६० सांगतं, की खर्च दाखवलात ना, मग पैसे कोणाला दिले त्याचं नाव सांगा. नाव सांगितलं नाही तर तो खर्च सहसा मान्य होणार नाही. म्हणजे घेणाऱ्याचा कर देणाऱ्याच्या माथी! आपल्या वहीच्या भाषेत, नावे टाकायला नाव नसेल तर ते पैसे तुमच्याच नावे. शिवाय तपासायला आलेला अधिकारी एका कंपनीच्या वहीत सापडलेली नोंद घेणाऱ्याच्या फिनान्झआम्टला कळवू शकतो. १९९३ च्या एका नियमाप्रमाणे सरकारी कार्यालयंही असे पैसे कळवतात. तुम्ही नोकरी सांभाळून कधी एखाद्या कार्यालयासाठी मराठी किंवा हिंदी दुभाष्याचं काम करत असाल आणि वर्षाचे १५०० युरो किंवा जास्त मिळाले, तर ती बातमी तुमच्या आधी तिथे पोचलेली असू शकते. २०२३ पासून इंटरनेटवरच्या बाजारपेठांनाही विक्रेत्यांची माहिती द्यावी लागते. वस्तूंच्या बाबतीत वर्षात ३० पेक्षा कमी विक्री आणि २००० युरोंपेक्षा कमी रक्कम असेल तर सूट आहे. तेव्हा मुलांची जुनी खेळणी विकणाऱ्यांनी घाबरू नये!

यशवंतरावांचं १९७२

आता आपल्या घरी येऊ. भारतात प्राप्तिकर आला १८६० मध्ये, सत्तावनच्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी; आणणारे जेम्स विल्सन. पगारातून कपात बरीच जुनी, पण कंत्राटदार मोकळाच होता. धरणं, रस्ते, सरकारी इमारती बांधून माणसं गबर होत आणि काम संपलं की पत्ता बदलत. डिसेंबर १९७१ मध्ये माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने काळ्या पैशावरचा अहवाल दिला, आणि १९७२ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम १९४-सी आलं. कंत्राटदाराला पैसे देताना दोन टक्के, उपकंत्राटदाराला देताना एक टक्का कापून सरकारात भरायचे. तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्राच्या या माणसाची ओळख आपल्याला संयुक्त महाराष्ट्राच्या मंगल कलशामुळे आणि १९६२ नंतरच्या संरक्षणमंत्रिपदामुळे आहे. पण भारतातला प्रत्येक ठेकेदार पुढे अर्धं शतक ज्या कलमाचं नाव घेत आला, ते त्यांच्या कारकिर्दीतलं आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. जुलै १९९५ पासून १९४-जे आलं आणि डॉक्टर, वकील, सल्लागारही कपातीत आले. १ एप्रिल २०२६ पासून भारतात २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, त्यामुळे हे जुने क्रमांक इतिहासजमा झाले. कपात मात्र आहे तिथेच आहे.

या दोन टक्क्यांची दुसरी बाजू मी भोसरीत जवळून पाहिली. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आमच्या शेजारच्या गाळ्यात एक गृहस्थ तीन लेथ घेऊन जॉबवर्क करायचे. एक मोठी कंपनी त्यांच्या प्रत्येक बिलातून दोन टक्के कापायची, पण कापल्याचा दाखला, फॉर्म १६-ए, काही द्यायची नाही. आज या, उद्या या, साहेब रजेवर आहेत. दाखला नाही म्हणजे परतावा नाही. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ज्याला बिलावर जेमतेम आठ टक्के सुटतात, त्याच्या घासातला तो चौथा हिस्सा आहे. त्या दिवाळीत त्यांनी आपल्या दोन कामगारांना बोनस दिला तो बायकोची पाटली गहाण ठेवून. पैसे त्यांचेच होते, सरकारच्या नावाने कापलेलेही होते. मध्ये एका कागदाची खोटी होती.

कायद्याने अशा माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडलं नव्हतं. १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ म्हणायचं, की जो कर कापून घेतला गेला, तो घेणाऱ्याकडे पुन्हा मागता येणार नाही. पण कापला हे सिद्ध कोणी करायचं? पुढे पॅन क्रमांकाखाली सगळ्या कपाती एकत्र दाखवणारा २६-एएस आला आणि साहेबांच्या रजेवर अवलंबून राहणं बरंच कमी झालं. अशा संगणकीकरणाला आपण येता-जाता नावं ठेवतो, पण त्या लेथवाल्यांसारख्या कित्येकांच्या पाटल्या त्याने वाचवल्या असतील.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि भारतातही बिलाला जर्मनीसारखी किंमत आली. त्यातही एक पाऊल पुढे: जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपलं बिल सरकारकडे दाखल केलेलं असेल, तरच घेणाऱ्याला वजावट मिळते. त्यामुळे आता छोटा मोठ्याच्या दाराशी बसत नाही, मोठा छोट्याला फोन करतो: 'अहो, रिटर्न भरलंत का?' काळाचा महिमा, दुसरं काय!

घर बांधणारा आणि गाडी आखणारा

जर्मनीनेही कंत्राटदारासाठी कपात आणली, पण फक्त एका धंद्यात. बांधकामात बेकायदा मजुरी आणि बुडवलेले कर फार झाले, म्हणून २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००२ पासून बाउआबत्सुगश्टॉयर सुरू झाला. धंद्यासाठी बांधकाम करून घेणाऱ्याने बिलाच्या पंधरा टक्के कापून, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कंत्राटदाराच्या फिनान्झआम्टला भरायचे. कंत्राटदाराने फ्राइश्टेलुंग्सबेशाइनिगुंग (हा शब्द एका दमात म्हणणाऱ्याला मंडळातर्फे चकली!) म्हणजे सूट असल्याचा दाखला दाखवला, तर कापायचं नाही. आपण राहतो त्या घराला याची झळ नाही. पण आपल्यापैकी अनेकांनी गुंतवणूक म्हणून सदनिका घेऊन भाड्याने दिल्या आहेत, आणि घर भाड्याने देणं हाही कायद्याच्या नजरेत धंदाच. दोनपर्यंत सदनिका असतील तर त्यांच्या कामाला सूट आहे. तिसरी घेतली की छप्पर दुरुस्त करणाऱ्याकडे आधी तो दाखला मागा. वर्षाला एका कंत्राटदाराचे ५००० युरोंपर्यंतचे काम मोकळे. जिथे मालकाची मिळकत फक्त करमुक्त भाड्याची असते, तिथे ही मर्यादा १५,००० युरो आहे. दाखला न बघता पूर्ण पैसे दिले, आणि कंत्राटदार गायब झाला, तर ते पंधरा टक्के तुमच्या नावे.

दुसरा कंत्राटदार या गावाच्या ओळखीचा आहे: संगणकासमोर बसून गाडी आखणारा. २०१७ मध्ये ओपेल पेझो-सिट्रोएनच्या पीएसएकडे गेली आणि २०२१ मध्ये स्टेलांटिसचा भाग झाली. मध्ये २०१९ मध्ये विकास केंद्राचा एक भाग आणि तिथले कितीतरी इंजिनियर सेगुला या फ्रेंच कंपनीकडे गेले. जे काल घरचे होते ते आज पुरवठादाराचे झाले. ह्युंदाईचं युरोपातलं तांत्रिक केंद्रही याच गावात आहे. अशा ठिकाणी पुण्याहून आलेली आपली मुलं कोणी नोकर म्हणून, कोणी दुसऱ्या कंपनीमार्फत, कोणी स्वतःचं बिल लावून काम करतात. इथे 'कोणाच्या नावे' हा प्रश्न वेगळा होतो: हा खरोखर कंत्राटदार आहे, की बिलाचा मुखवटा घातलेला नोकर? रोज त्याच टेबलावर, त्याच साहेबाच्या हुकमाने, त्याच एका गिऱ्हाइकासाठी बसत असाल, तर निवृत्तिवेतन विमा संस्था तुम्हाला नोकर ठरवू शकते, आणि मागच्या वर्षांची वर्गणी प्रामुख्याने काम देणाऱ्याकडून वसूल होते. दुसऱ्या कंपनीचा माणूस उसना घ्यायचा तर एप्रिल २०१७ पासून तसं करारात स्पष्ट लिहावं लागतं, आणि साधारणपणे अठरा महिन्यांच्या वर एका जागी ठेवता येत नाही. पोरांनो, करारावर सही करण्यापूर्वी हे दोन परिच्छेद एखाद्या जाणकाराला दाखवा. परतीचं तिकीट काढायची वेळ आल्यावर दाखवून उपयोग नाही.

आणि आपलं मंडळ

आता मूळ दुखण्याला हात घालते. मी मंडळाची खजिनदारी केली आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. पुण्या-मुंबईहून गायक बोलावला, नाट्यप्रयोग बोलावला, की कलाकाराला मानधन देणारे आपण असतो, म्हणजे इथल्या कायद्याने सरकारचे वसुलीदारही आपणच असतो. प्राप्तिकर कायद्याचं कलम ५०-ए. परदेशी राहणाऱ्या कलाकाराच्या मानधनातून पंधरा टक्के, आणि त्या करावर साडेपाच टक्के एकता अधिभार. पूर्वी हे स्थानिक फिनान्झआम्टला भरावं लागे, २०१४ पासून बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाला. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत.

हिशेब करून पाहू. मानधन १००० युरो ठरलं. कर १५०, अधिभार ८ युरो २५ सेंट. कलाकाराच्या हातात ८४१ युरो ७५ सेंट. आणि आपण मोठ्या मनाने म्हटलं, की 'बुवा, तुमच्या हातात हजार पडतील', तर कर आपल्या खिशातून, आणि तो १५८ नव्हे, १८८ युरो. कारण कायद्याच्या नजरेत मानधन ११८८ झालं. प्रवास आणि हॉटेल यांचा प्रत्यक्ष खर्च परत दिला तर तो यात धरत नाहीत. आणि एका प्रयोगाचे २५० युरोंपर्यंत असतील तर कापायचं नाही. मूल्यवर्धित कराचा आणि कलाकारांच्या सामाजिक विम्याचा प्रश्न याहून वेगळा; तो सल्लागाराला विचारावा.

'एवढ्याशा कार्यक्रमाला कोण बघतंय?' असं मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणतंच. सभागृहाचं भाडं, तिकिटं, पत्रकं, कलाकाराचा व्हिसा, सगळं कागदावर असतं. बघायला फार डोळे लागत नाहीत. पण माझा मुद्दा भीतीचा नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातल्या १९९५ च्या करारानुसार कलाकाराच्या इथल्या कमाईवर जर्मनी कर घेऊ शकतं, आणि इथे भरलेला कर भारतात वजा करून मिळतो. पण त्याला दाखला लागतो, आणि तो आपण द्यायचा असतो. नुसते १५८ युरो कापून दाखला दिला नाही, तर आपल्यात आणि भोसरीच्या त्या कंपनीत फरक काय राहिला? आणि न कापता पाकिटात पैसे घातले, तर तो कलाकार आपल्या वहीत नावाशिवाय राहतो. ज्याचं नाव पाहून आपण तिकीट काढलं, त्याचंच नाव वहीत नाही!

या सगळ्या इतिहासात कापणं, कळवणं आणि बिल मागणं या तीनच युक्त्या आलटून पालटून दिसतात. तिन्हींत सरकार बलवान घटकाला, म्हणजे पैसे देणाऱ्याला, साक्षीला बोलावतं. देणाऱ्याला ती कटकट वाटते, मलाही वाटते. पण देणाऱ्याने ती नीट केली तर घेणाऱ्याच्या हातात पुरावा राहतो: मी काम केलं, मला इतके मिळाले, माझा कर गेला. कर्ज मागताना, व्हिसा वाढवताना, म्हातारपणी पेन्शन मोजताना तोच कागद कामाला येतो. आता तर कागदही जातो आहे. जानेवारी २०२५ पासून इथल्या प्रत्येक व्यावसायिकाला ई-बिल स्वीकारता आलंच पाहिजे. पाठवण्याची सक्ती मोठ्यांना २०२७ पासून आणि वर्षाला आठ लाख युरोंपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्यांना २०२८ पासून.

आणि शेवटी फराळाचं. आपल्यातल्या ज्या ताई-वहिनी दिवाळीत चकल्या, चिवडा, अनारसे करून देतात, त्यांच्याकडून आवर्जून बिल मागा. मागची उलाढाल वर्षाला २५,००० युरोंच्या आत असेल तर त्यांना मूल्यवर्धित कर लावायचाच नाही, तेव्हा चकली महाग होईल ही भीती नको. धंद्याची नोंदणी, नावाचं बिल, खात्यावर पैसे, एवढंच. दहा-बारा दिवाळ्यांनी त्यांना एखादा गाळा भाड्याने घेऊन खरं दुकान काढावंसं वाटलं आणि बँकेने विचारलं, 'आजवर काय केलंत?', तर दाखवायला त्यांच्या नावाची बिलं असतील. तेवढी भाऊबीज आपण नक्कीच घालू शकतो.

सर्वांना दिवाळीच्या आणि पाडव्याच्या मनःपूर्वक शुभेच्छा!